पाय उशीवर, डोळा घड्याळावर: पावलाच्या ऑपरेशननंतरचे आठवडे कसे काढायचे

घरी सोडताना डॉक्टर दोनच गोष्टी सांगतात: पाय वर ठेवा, आणि सहा आठवडे वजन टाकायचं नाही. ऐकताना सोपं वाटतं. घरी आल्यावर लक्षात येतं की मोरीपर्यंत जाणं, चहाचा कप हातात घेऊन चालणं, बेल वाजली की दार उघडणं, रात्री कूस बदलणं हे सगळं त्या दोन वाक्यांत बंद झालंय.

स्कूटरवरून पडून घोटा मोडला आणि प्लेट-स्क्रू बसले, अंगठ्याच्या बुडाशी वाढलेलं हाड सरळ करून घेतलं, टाचेमागची तुटलेली कंडरा शिवली, अशा कुठल्याही कारणाने जे पहिल्यांदाच या फेऱ्यात सापडलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याही घोट्यात प्लेट आहे. काय खायचं, कुठली गोळी घ्यायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दुखणं आणि कंटाळा या दोघांचा बंदोबस्त एकत्रच करावा लागतो, हे सहसा कोणी सांगत नाही. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की पायाकडून निघालेली वेदना मेंदूपर्यंत सरळ पोचत नाही. पाठीच्या कण्यात तिला एक दार लागतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. त्या मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मन रिकामं असलं की दुखणं वाढतं आणि गुंतलेलं असलं की कमी होतं, एवढी गोष्ट पक्की ठरली. म्हणून वेळ घालवणं हा इथे उपचाराचाच भाग धरायचा.

ऑपरेशनची तारीख आधी ठरली असेल तर

तीन वस्तू आधी घरात आणून ठेवा: वॉकर, कमोड खुर्ची आणि न्हाणीघरासाठी न घसरणारं भक्कम स्टूल. विकत घ्यायची घाई नको. पुण्या-मुंबईत, नाशकात आणि कितीतरी तालुक्याच्या गावांत सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं असतात. थोडी अनामत ठेवली की वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर नाममात्र भाड्याने मिळतात. घरी भारतीय पद्धतीचं संडास असेल तर कमोड खुर्चीला पर्याय नाही. एका पायावर उकिडवं बसून उठणं तरण्याताठ्यालाही जमत नाही.

वॉकरवर एका पायाने चालायचा सराव आधीच करा. भूल उतरलेली नसताना आणि पाय ठणकत असताना शिकायला बसलात तर पडाल. घरातली पायपुसणी, दोन खोल्यांमधली सतरंजी, जमिनीवरून गेलेली चार्जरची वायर उचलून ठेवा. वॉकरच्या पुढच्या दांडीला एक कापडी पिशवी बांधा. दोन्ही हात वॉकरवर गुंतलेले असतात, तेव्हा मोबाइल, पाण्याची बाटली, चष्मा, सगळं त्या पिशवीतून फिरतं. चहा झाकणाच्या बाटलीत घ्या.

पलंग खिडकीशी सरकवता आला तर जरूर सरकवा. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका इस्पितळाच्या नोंदी तपासून निबंध लिहिला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जालीम वेदनाशामकं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. आपल्या सोसायटीत समोर झाड नसेल, पण गॅलरीतली तुळस, केबलच्या तारेवर बसणारे बुलबुल, खाली भाजीवाल्याशी चाललेली घासाघीस, हेही छताकडे बघत पडण्यापेक्षा बरं.

पहिली रात्र

पायाच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा कमरेतून भूल देतात, शिवाय पायाच्या नसांजवळ बधिर करणारं इंजेक्शनही देतात. त्यामुळे घरी येताना तुम्ही खुशीत असता. पाय दुखतच नाही म्हणून संध्याकाळची गोळी टाळावीशी वाटते. टाळू नका. त्या इंजेक्शनचा असर काही तासांत, साधारण दिवसभराच्या आत ओसरतो, आणि ओसरतो तेव्हा रात्री एक-दोनच्या सुमाराला ठणका एकदम अंगावर येतो. पायाला मुंग्या यायला लागल्या की ती सूचना समजा. गोळी त्याच्या आधी पोटात गेलेली हवी.

पाय बधिर असेपर्यंत त्याला बर्फ लावायचा नाही, गरम पाण्याची पिशवी तर नाहीच. चटका बसला तरी कळणार नाही.

गोळ्यांचं वेळापत्रक

पहिले तीन-चार दिवस ‘दुखलं तर घेऊ’ हे धोरण चालत नाही. दुखणं शिगेला पोचलं की गोळीला ते खाली आणायला फार वेळ लागतो. डॉक्टरांनी ज्या वेळा दिल्या असतील त्या गजर लावून पाळा. वहीचं एक पान घ्या आणि वेळ, गोळीचं नाव, दुखणं दहापैकी किती, असे तीन रकाने आखा. दोन-तीन दिवसांत तुमच्या दुखण्याच्या वेळा त्या पानावर उमटतात, आणि पुढचं सगळं नियोजन त्यावरून करता येतं.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या कित्येक वेदनाशामक गोळ्यांत आधीच पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. ती चालू असताना अंगात कणकण वाटली म्हणून वर एक डोलो घेतली, तर तेच औषध दुप्पट गेलं. निरोगी मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या पुढे पॅरासिटामॉल जाता कामा नये. म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की मर्यादा गाठली. यकृताचा त्रास, रोजची दारू किंवा वजन फार कमी असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या जेवल्यावरच घ्यायच्या. किडनीचा आजार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गुडघ्याला लागू पडलेली गोळी प्रेमाने दिली तर आभार मानून परत करा.

ट्रॅमाडॉल हे जालीम वेदनाशामक दिलं असेल तर गुंगी येईल, कदाचित मळमळेल आणि बद्धकोष्ठ हमखास होईल. त्यात माणूस आणखी एक घोळ करतो: सारखं संडासाकडे उड्या मारत जायला नको म्हणून पाणीच कमी पितो. तिसऱ्या दिवशी पायापेक्षा पोट जास्त छळायला लागतं. पाणी भरपूर प्या, इसबगोल, पपई, भिजवलेले अंजीर सुरू ठेवा, आणि रात्री पलंगाशेजारी भांडं ठेवायला लाजू नका.

आता वेळापत्रकाचा खरा उपयोग. गोळी घेतल्यावर तासाभराने दोन-एक तास बरे जातात. आंघोळ, फिजिओने सांगितलेला व्यायाम, कपडे बदलणं ही कष्टाची कामं त्या वेळात उरकायची. आणि गोळीचा असर उतरत जातो, पुढची घ्यायला अजून अवकाश असतो, त्या तासासाठी मन सगळ्यात जास्त गुंतवणारी गोष्ट राखून ठेवायची. लोक उलट करतात. चांगला वेळ मोबाइलवर बोट फिरवण्यात घालवतात आणि ठणका सुरू झाला की घड्याळाकडे बघत बसतात.

पाय वर म्हणजे किती वर

खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो वर झाला असं वाटतं. झाला नाही. पाऊल छातीच्या पातळीपेक्षा उंच हवं, आणि त्यासाठी पहिले दहा-बारा दिवस बराचसा वेळ आडवंच व्हावं लागतं. नुसत्या उशांची उतरंड रात्री घसरते. त्यापेक्षा गादीच्या पायथ्याशी, गादीच्या खाली, एक जाड गोधडी घडी करून सारा म्हणजे उतार कायम राहतो, आणि मग त्यावर एखादीच उशी पुरते. ती उशी पोटरीखाली घ्या, टाचेखाली नको. टाच हवेत मोकळी राहिली पाहिजे. दिवसचे दिवस एकाच जागी दाबून राहिलेल्या टाचेला जखम होते आणि प्लास्टरच्या आत ती दिसतही नाही. गुडघा किंचित वाकलेला राहू द्या.

पाय खाली सोडला की काही क्षणांत रक्त उतरतं, बोटं जांभळट होतात आणि ठणका सुरू होतो. पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. पाय पुन्हा वर घेतल्यावर थोड्या वेळात रंग पूर्ववत झाला तर काळजीचं कारण नाही. सुरुवातीला पाय खाली राहण्याचा वेळ पाच-दहा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका.

बर्फ टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, मधे निदान तासाभराची विश्रांती. पावलावर जाड प्लास्टर असेल तर थंडावा आत पोचत नाही. अशा वेळी गुडघ्याच्या मागे खळग्यात ठेवायला काही डॉक्टर सांगतात, आपल्या डॉक्टरांना विचारा. फ्रीजरमधलं मटारचं पाकीट पायाला छान बसतं. तेच मटार नंतर उसळीला वापरायचे नाहीत, एवढं घरात सांगून ठेवा.

कंटाळ्याचा बंदोबस्त

पहिला आठवडा आणि नंतरचे आठवडे यांत फरक करा. पहिल्या आठवड्यात गुंगी असते. ‘आता वाचूनच काढतो’ म्हणून उशाशी जाडजूड कादंबऱ्या रचाल, आणि एकच पान तीनदा वाचून झोपी जाल. तेव्हा ऐकायच्या गोष्टी बऱ्या. विविध भारती, नाट्यगीतं, कीर्तन, एखादी चांगली मुलाखत. कसोटी सामना चालू असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. दिवसाला ९० षटकं, मधे दोनदा झोप लागली तरी काही बिघडत नाही, आणि पाच दिवस घरातलं कोणी चॅनल बदला म्हणत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून हाताला काम हवं. मोबाइल आणि सिरीज यांनी वेळ जातो खरा, पण संध्याकाळी डोकं जड आणि मन आणखी चिडचिडं झालेलं असतं, कारण दिवसभरात हातून काहीच घडलेलं नसतं. ताटात मेथी घेऊन निवडा, लसूण सोला, शेंगा फोडा. गंमत वाटेल, पण घरातल्या चार माणसांना आपल्यामुळे पळावं लागतंय ही बोच अंथरुणातल्या माणसाला ठणक्याइतकीच छळते, आणि निवडलेल्या मेथीची जुडी तिच्यावर चांगला उतारा आहे. विणकाम येत असेल तर उत्तम. जुने फोटो अल्बममधून काढून मागे पेन्सिलीने नावं आणि सालं लिहायचं काम प्रत्येक घरात तुंबलेलं असतं. आजी-आजोबांच्या पिढीतलं कोणी असेल तर त्यांना पलंगाशेजारी बसवून हे करा, दुपार कशी गेली कळत नाही.

डोक्याला खुराक हवा असेल तर मोडी लिपी शिका. रोज चार अक्षरं गिरवायची. वही मांडीवर ठेवून झोपल्याजागी जमणारी ही विद्या आहे, आणि घरात पणजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद असतील तर महिन्याभराने त्यातले शब्द ओळखू यायला लागतात. विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कुठलीही नोंद उघडा, तिच्यातून दुसरीकडे जा.

एक रटाळ काम मात्र याच दिवसांत उरका: बिलं. विमा असेल तर बऱ्याच पॉलिसींत घरी आल्यानंतरच्या ठराविक दिवसांचा औषधं, एक्स-रे आणि तपासण्यांचा खर्चही मिळतो. किती दिवस, ते तुमच्या पॉलिसीत बघा. प्रत्येक बिल, त्याच्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तारखेवार फाइल. पाय बरा झाल्यावर हे तुम्ही कधीच करणार नाही.

दुपारी तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. घर झोपलेलं असतं, ऑफिसातली मित्रमंडळी कामात असतात, ऊन खिडकीत आलेलं असतं. नेमका याच वेळेचा एक फोन ठरवून ठेवा, रोज वेगळ्या माणसाला. निवृत्त मावशी, परदेशातला मित्र, जुने शिक्षक यांना तुमच्याशी बोलायला वेळही असतो आणि आनंदही होतो.

घरच्यांना हाका मारण्याचीही एक रीत आहे. पाणी, मग चष्मा, मग पंखा असं सुटं सुटं मागत राहिलात तर तिसऱ्या दिवशी आवाज चढतात. कोणी खोलीत आलं की सगळं एकदम मागा. हाक मारायला देवघरातली जुनी घंटी चालते, पण ती घरातल्या लहान मुलाच्या हाती लागणार नाही असं बघा.

सलग दोन आठवडे काहीच नकोसं वाटत असेल, रडू येत असेल, गोळी घेऊनही झोप लागत नसेल, तर तो नुसता कंटाळा राहिलेला नाही. पुढच्या तपासणीला हेही डॉक्टरांना सांगा.

भेटायला येणारे

येतील, शहाळी आणतील, आणि आपल्या मेहुण्याच्या पायात रॉड कसा वाकला ते तपशीलवार सांगतील. भेटीची वेळ संध्याकाळी तासभर ठेवा आणि घरातल्या कोणालातरी ‘आता जरा पडू दे हं त्यांना’ म्हणायची जबाबदारी द्या. स्वतः म्हणवत नाही.

सल्ल्यांपैकी काय ऐकायचं? भात आणि आंबट खाल्लं की टाके पिकतात, याला आधार नाही. डाळी, अंडी, मासे, दूध, पनीर पोटभर खा, कारण हाड आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं ही खरी पथ्याची गोष्ट आहे. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या. तंबाखू, सिगरेट, मिश्री मात्र पूर्ण बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. तेल लावून चोळून देणाऱ्या हाडवैद्याकडे डॉक्टरांना न विचारता पाय द्यायचा नाही. विशेषतः पोटरी सुजलेली असेल तर तिला कोणालाही चोळू देऊ नका, का ते पुढे येतंच.

रात्र

दिवसा सहन होणारं दुखणं रात्री दुप्पट वाटतं, कारण लक्ष द्यायला दुसरं काहीच नसतं. झोपण्याआधीची गोळी वेळेवर घ्या. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे नेऊ नका. पांघरुणाचा भारही बोटांना सोसत नसेल तर पायथ्याशी एक रिकामं खोकं उभं करून पांघरूण त्याच्यावरून घ्या, पाय आत मोकळा राहतो. उशाशी पाणी, टॉर्च, फोन, इअरफोन आणि ऐकायला काहीतरी आधीच लावून ठेवलेलं असू द्या. रात्री तीनला जाग आल्यावर शोधाशोध करायला लागलात की झोप पूर्ण उडते.

झोप लागता लागता पायाला एकदम झटका बसतो आणि कळ जाते. हे बहुतेकांना होतं, आणि त्याने प्लेट हलत नाही.

प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई, पट्टी, पेन आत घालायचं नाही. कातडी सोलवटते आणि आत पिकते. वरून टिचक्या मारा, ड्रायरची थंड हवा सोडा. दुसऱ्या पायावर नेमक्या त्याच जागी खाजवून काहींना बरं वाटतं, करून बघायला काय हरकत आहे!

कंटाळा नाही, दुखणं नाही, धोका

पाय वर घेऊनही बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, बधिर झाली, हलेनाशी झाली, किंवा प्लास्टर आवळत चाललंय आणि गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, तर सकाळची वाट न बघता लगेच इस्पितळ गाठा. जखमेतून पू किंवा घाण वास, वाढती लाली, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटरी एकाएकी सुजून कडक झाली, दाबली की दुखते, तर आत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तीही त्याच दिवशी दाखवायची. गुठळी फुप्फुसात गेली की दम लागतो, छातीत दुखतं. तसं झालं तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या दिल्या असतील तर पाय बरा वाटतोय म्हणून मधेच सोडू नका.

पाय टेकवायची परवानगी मिळाल्यावर

एक्स-रे बघून डॉक्टर ‘आता थोडं वजन टाका’ म्हणतात. थोडं म्हणजे किती, हे पायाला कळत नाही. घरातला वजनकाटा घ्या, वॉकर धरून उभे राहा आणि ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेवून हळूहळू दाबा. सांगितलेल्या १० किंवा १५ किलोंवर काटा आला की तो दाब लक्षात ठेवा. दोन-चार दिवस असं केलं की अंदाज बसतो.

कुबड्या वापरत असाल तर भार तळहातांवर, काखेवर नाही. काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटांची फट हवी, नाहीतर काखेतली नस दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय.

प्लास्टर निघाल्यावर दिसणारी बारीक पोटरी आणि सोलपटलेली कातडी बघून खचू नका, पोटरी व्यायामाने भरते. सूज मात्र चिवट असते. सकाळी नसते, संध्याकाळी येते, असं कित्येक महिने चालतं. ऑफिसात टेबलाखाली एक छोटं स्टूल ठेवायला सांगा.

गाडी चालवण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर कारचा आणि मोटरसायकलचा ब्रेक त्याच पायात असतो. डाव्याचं असेल तर कारचा क्लच आणि मोटरसायकलचा गिअर. स्कूटरचे ब्रेक हातात असले तरी सिग्नलला पाय खाली टेकवावाच लागतो. नवे बूट घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, पाय सुजलेला असताना, आणि दोन्ही पायांत घालून दुकानात चार फेऱ्या मारून बघा.